म्हातारपणावरचं इंजेक्शन



मागच्या आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, चहा झाला, आणि नेहमीसारखी गाडी गुडघ्यांवर आली. एकीने सांगितलं, बाजारच्या दिवशी एक जण शक्तीचं इंजेक्शन देतो, टोचलं की आठ दिवस बाई पुन्हा पंचविशीतली होते. दुसरी म्हणाली, मी घेतलं, खरंच हलकं वाटलं. तिसरी म्हणाली, मीबी घेतलं, मला तर कायच नाही वाटलं. मग सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मी तेव्हा गप्प बसले. उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नव्हतं. मला एका माणसाची गोष्ट आठवली होती, ती आज सांगते.

तरुण होण्याचं इंजेक्शन या माणसाने स्वतःच्या हाताने तयार केलं आणि स्वतःलाच टोचून घेतलं. साल १८८९, गाव पॅरिस, वय ७२. आणि तो काही भोंदू नव्हता. त्या काळातल्या मोठ्यातल्या मोठ्या शास्त्रज्ञांमध्ये त्याची गणना व्हायची. म्हणूनच ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पण सुरुवात आपल्या गोठ्यापासून करू. गोऱ्हा कामाला लावायचा असेल तर त्याला खच्ची करतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खच्ची केला नाही तर त्याचा वळू होतो. मान जाड, वशिंड भारी, डोळ्यात मस्ती, दाव्याला हिसके. खच्ची केलेला बैल मात्र शांत, जुवाखाली मान देणारा. हजारो वर्षं माणूस हे करत आलाय. आता मला सांगा, काढलं काय, तर मागच्या पायांमधले दोन वृषण. मग मानेला कसं कळलं की जाड व्हायचं नाही? स्वभावाला कुणी सांगितलं? हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी विचारला असेलही, पण त्याचा छडा लावायला कुणी बसलं नव्हतं.

छडा लावायला बसले ते जर्मनीतल्या गोटिंगेन गावचे अर्नोल्ड बर्थोल्ड नावाचे डॉक्टर, १८४९ मध्ये. त्यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. कोंबड्याचे वृषण पोटात असतात. दोन कोंबड्यांचे दोन्ही वृषण काढून टाकले आणि त्यांना तसंच सोडलं. बाकी चौघांच्या पोटात एकेक वृषण सुटा ठेवला, दोघांच्या पोटात त्यांचा स्वतःचा आणि दोघांच्या पोटात एकमेकांचा. पहिले दोघे नुसते लठ्ठ झाले. तुरा फिका, आरवणं नाही, भांडण नाही, कोंबड्यांकडे लक्ष नाही. दुसरे चौघे मात्र पुरे कोंबडे झाले, तुऱ्यासकट आणि भांडणासकट. नंतर पोट उघडून पाहिलं तर सुटा ठेवलेला वृषण आतड्याला चिकटला होता. त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण जुन्या नसा तुटलेल्याच होत्या. म्हणजे निरोप नसांमधून जात नव्हता. वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत होतं आणि ते रक्त तुऱ्यापर्यंत, गळ्यापर्यंत, डोक्यापर्यंत पोचत होतं.

जेमतेम चार पानांचा लेख होता तो. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण तुम्ही मात्र त्या पहिल्या दोन कोंबड्यांना ध्यानात ठेवा, ज्यांना काहीच दिलं नव्हतं. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

आता आपला माणूस. शार्ल एदुआर ब्राउन-सेकार. जन्म ८ एप्रिल १८१७, मॉरिशस बेटावरच्या पोर्ट लुई गावात. मॉरिशस म्हटलं की आपल्याला ऊस आठवायला हवा. १८३४ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले, पुढे आपल्या कोकणातलेही गेले, आणि त्यांच्या वंशातली मराठी माणसं आजही तिथे गणपती बसवतात. हे मजूर बंदरावर उतरायला लागले तेव्हा शार्ल सतरा वर्षांचा होता.

वडील ब्राउन, अमेरिकन, जहाजावरचे कप्तान. पोर जन्मायच्या आधीच ते समुद्रात गेले ते परत आले नाहीत. आई शार्लोत सेकार, बेटावरची फ्रेंच. तिने शिवणकाम करून मुलाला वाढवलं. मुलाला लेखक व्हायचं होतं. एकवीस वर्षांचा झाल्यावर, १८३८ मध्ये, तो आपलं लिखाण घेऊन पॅरिसला गेला आणि आईपण सोबत गेली. तिथल्या एका नामांकित लेखकाने सांगितलं, बाबा, याच्यावर तुझं पोट भरायचं नाही. मग तो डॉक्टरीकडे वळला. आईने पॅरिसमध्ये मॉरिशसच्या विद्यार्थ्यांना राहायला-जेवायला ठेवून घर चालवलं. आपल्याकडे खानावळ चालवून मुलं शिकवणाऱ्या बाया असतात ना, तशीच ती. मुलाचं शिक्षण पुरं व्हायच्या आधीच ती गेली. तो या दुःखाने पार कोलमडला. पुढे त्याने बापाच्या आडनावाला आईचं आडनाव जोडलं, आणि जग त्याला ओळखतं ते ब्राउन-सेकार या जोडनावाने. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आजही किती खेटे घालावे लागतात, ते तुम्हाला माहीत आहे.

१८४६ मध्ये ते डॉक्टर झाले. पहिलं मोठं काम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवरचं. जनावराचा मज्जारज्जू एकाच बाजूने, अर्धा कापला तर काय होतं, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. ज्या बाजूला कापलं त्या बाजूचा पाय लुळा पडतो, पण वेदना कळेनाशी होते ती दुसऱ्या बाजूच्या पायाला. म्हणजे वेदनेची वाट कण्यातच बाजू बदलते. आजही अशी इजा झालेला रुग्ण आला तर डॉक्टर त्या लक्षणांना ब्राउन-सेकार यांचंच नाव देतात.

पण मान मिळाला म्हणून पैसा मिळाला नाही. १८५२ मध्ये ते अमेरिकेला गेले. इंग्रजी येत नव्हतं, ते जहाजावर शिकले. तिथे व्याख्यानं दिली, आणि पोटासाठी बाळंतपणं केली, एका बाळंतपणाला पाच डॉलर. पुढची कित्येक वर्षं पॅरिस, लंडन, अमेरिका असा त्यांचा पाय कुठे ठरला नाही. लंडनच्या लकव्याच्या आणि आकडीच्या रुग्णालयात काम केलं, हार्वर्ड विद्यापीठात शिकवलं, आणि १८७८ मध्ये पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांची जागा त्यांना मिळाली. शरीरशास्त्रात त्याहून मोठी खुर्ची तेव्हा नव्हती.

प्रयोगाच्या बाबतीत हा माणूस जरा अतिच होता. जठरातला रस तपासायचा म्हणून दोरीला स्पंजचा तुकडा बांधून गिळायचा आणि मग ओढून बाहेर काढायचा, असं त्यांनी इतक्या वेळा केलं की खाल्लेलं परत तोंडात यायची सवय लागली. ती जन्मभर सुटली नाही. आपली म्हैस रवंथ करते, तसे हे प्राध्यापक जेवणानंतर रवंथ करायचे. १८५४ मध्ये मॉरिशसला पटकीची साथ आली तेव्हा ते तिथे रुग्णांची सेवा करत होते. अफूच्या औषधाने पटकी थांबते का, हे बघायला त्यांनी पटकीच्या रुग्णाची उलटी स्वतः गिळली आणि वर अफू घेतली. मरता मरता वाचले. एकदा कातडीचं काम समजावं म्हणून अंगभर व्हार्निश फासून घेतलं आणि बेशुद्ध पडले. एका विद्यार्थ्याने ते खरवडून काढलं म्हणून जीव वाचला.

तुम्ही म्हणाल, वेडाच होता. पण ज्या काळात शास्त्रज्ञ मुक्या जनावरांवर हात चालवत होते, आणि यांनीही शेकड्यांनी जनावरं मारली, त्या काळात हा माणूस स्वतःचं अंगही त्याच टेबलावर ठेवत होता. मुक्या जनावरांचं ते सगळं वाचताना मला आजही बरं वाटत नाही. शिकवताना मी ते भराभर पुढे सरकवायचे.

आता खरा शोध. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अॅडिसन या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराविषयी लिहिलं. माणूस हळूहळू गळून जातो, उलट्या होतात, कातडी काळवंडते, आणि शेवटी मरतो. मेल्यावर उघडून पाहिलं तर दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या छोट्या टोपीसारख्या ग्रंथी असतात, त्या खराब झालेल्या. या ग्रंथींचं काम काय, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. ब्राउन-सेकार यांनी पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, कुत्री, मांजरं, ससे, गिनीपिग यांच्या त्या ग्रंथी काढून पाहिल्या. जनावरं थोड्याच वेळात मेली. त्यांनी लिहिलं की या इवल्याशा ग्रंथी जगण्याला अत्यावश्यक आहेत. लोकांनी शंका घेतल्या. शस्त्रक्रियेनेच मेली असतील, पांढरे उंदीर तर जगतात, असे मुद्दे आले. पण मूळ गोष्ट खरी ठरली. आज या ग्रंथींना अॅड्रिनल म्हणतात. त्यांचं नाव ध्यानात ठेवा, कारण बाजारातल्या त्या इंजेक्शनचा धागा इथेच येऊन मिळणार आहे.

या कामातून त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला. घामाच्या ग्रंथी घाम बाहेर टाकतात, लाळेच्या ग्रंथी लाळ तोंडात सोडतात, त्यांना नळी असते. पण काही ग्रंथींना नळीच नाही. मग त्या काय नुसत्या बसून आहेत का? नाही. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात, आणि तो रस कमी पडला तर माणूस आजारी पडतो. मग जनावराच्या ग्रंथीचा रस काढून माणसाला दिला तर? आज आपण थायरॉईडची गोळी घेतो, साखरेच्या आजाराला इन्सुलिन घेतो, त्या सगळ्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तो विचारायला हा माणूस निघाला, आणि नेमका पहिल्याच पावलाला घसरला.

कारण त्यांना स्वतःला म्हातारपण आलं होतं. प्रयोगशाळेत अर्धा तास उभं राहिलं की खुर्ची लागायची. रात्री झोप नाही, जेवणानंतर काम नाही. त्यांनी विचार केला, खच्ची केलेल्या जनावराचा जोम जातो. म्हाताऱ्याचे वृषणही थकलेले असतात. म्हणजे म्हातारपण म्हणजे हळूहळू खच्ची होणंच की. विचार वरवर पटण्यासारखा आहे, नाही का? मग मे १८८९ मध्ये त्यांनी कुत्र्याचे आणि गिनीपिगचे वृषण पाण्यात कुटले, ते गाळून घेतलं, आणि काही आठवड्यांत तो रस आपल्याच दंडात आणि पायांत टोचून घेतला. टोचलेल्या जागा भयंकर दुखायच्या.

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळाच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, मला फरक पडलाय. तासन्‌तास उभा राहतो, जिने पळत चढतो, रात्री जेवणानंतर लिहायला बसतो. त्यांनी हाताच्या पकडीचा जोर यंत्राने मोजला होता, तो सरासरी सहा-सात किलोंनी वाढला होता. पोट साफ व्हायला लागलं. लघवीची धार किती लांब जाते, तीही त्यांनी मोजली आणि तीही वाढली होती. हसताय ना? पण मोजमाप न करता नुसतं बरं वाटतंय म्हणणाऱ्यांपेक्षा हा माणूस निदान मोजत तरी होता. इंजेक्शनं बंद केल्यावर काही आठवड्यांनी थकवा परत आला, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि हा निव्वळ मनाचा खेळ असू शकेल का, ही शंकासुद्धा त्यांनी स्वतःच काढली. इतर म्हाताऱ्यांनी घेऊन पाहावं, असं सांगितलं.

पुढे जे झालं ते त्यांच्या हातात राहिलं नाही. वर्तमानपत्रांनी तरुण होण्याचं अमृत सापडलं म्हणून छापलं. हजारो डॉक्टर तो रस टोचायला लागले. ब्राउन-सेकार आणि त्यांचे सहकारी डॉक्टरांना तो फुकट पाठवत होते, आणि काय झालं ते कळवा एवढीच अट होती. पण व्यापाऱ्यांना असल्या अटीशी काय देणंघेणं? त्यांनी अमृताच्या बाटल्या काढल्या. अमेरिकेत एका बेसबॉल खेळाडूने सामन्याआधी तो रस घेतला आणि सामना जिंकला म्हणून बातमी झाली. कुणाला तो संधिवातावर हवा होता, कुणाला क्षयावर, कुणाला वेडावर. काहींना घाणेरड्या सुयांनी गळवं झाली. इतर शास्त्रज्ञांनी टर उडवली, की सत्तरी उलटली आणि प्राध्यापकांचं डोकं फिरलं. ब्राउन-सेकार अखेरपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम होते. एप्रिल १८९४ मध्ये ते पॅरिसला वारले. तोवर त्यांच्या नावावर पाचशेहून जास्त लेख होते, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते एक इंजेक्शन.

पण त्यांचा विचार मात्र मेला नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांकडे १८९१ मध्ये ४६ वर्षांची एक बाई होती. तोंड सुजलेलं, बोलणं जड, सारखी थंडी वाजायची, केस गळलेले, हालचाल मंद. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करत नव्हती. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा रस काढून तिला टोचला. काही महिन्यांत ती बाई ओळखू येईना इतकी बरी झाली. पुढे तो रस तोंडाने द्यायला लागले. ती ७४ वर्षांची होऊन १९१९ मध्ये गेली, म्हणजे अठ्ठावीस वर्षं जास्त जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७०हून जास्त मेंढ्यांचे थायरॉईड लागले. मी स्वतः रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते. गोळी आता कारखान्यात बनते, मेंढी लागत नाही. पण ती तोंडात टाकताना मला त्या बाईची आठवण येते.

मग एकाच विचाराच्या दोन रसांपैकी मेंढीचा लागू पडला आणि कुत्र्याचा का नाही पडला? उत्तर यायला बरीच वर्षं लागली. रक्तातून निरोप नेणाऱ्या या रसायनांना हार्मोन हे नाव १९०५ मध्ये मिळालं, आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात. थायरॉईड आपला माल साठवून ठेवते. कणगीत धान्य भरलेलं असावं, तसं. वृषण साठवत नाहीत, बनलं की लगेच रक्तात सोडतात. शिवाय ते हार्मोन पाण्यात नीट विरघळतही नाही. १९३५ मध्ये शास्त्रज्ञांनी वळूंचे १०० किलो वृषण घेतले, तेव्हा कुठे त्यातून १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हाती आलं. म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. ब्राउन-सेकार यांच्या गाळलेल्या पाण्यात काय असणार? २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्यांच्याच पद्धतीने, कुत्र्याच्या वृषणांपासून तो रस पुन्हा तयार केला आणि तपासला. त्यात हार्मोन होतं ते नावापुरतं. त्याने काही होणं शक्य नव्हतं.

तरीही पकडीचा जोर वाढला होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

माझ्या सासूबाईंची आठवण येते. शेवटची दोन वर्षं त्यांना दर आठवड्याला सलाईन लागायचं, म्हणजे त्यांनाच लावून हवं असायचं. मिठाचं पाणी ते. पण लावलं की दुसऱ्या दिवशी त्या अंगण झाडायच्या. मी खूप चिडायचे, पैसे जायचे. बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं, की बाटली संपेपर्यंत तास-दीड तास घरातलं कुणीतरी त्यांच्याजवळ हात धरून बसायचं. एरवी त्यांच्याजवळ कोण बसत होतं?

आता आठवा ते दोन कोंबडे, ज्यांना काहीच दिलं नव्हतं. ते शेजारी होते म्हणूनच बर्थोल्ड यांना उरलेल्या चौघांचा तुरा कशाने आला ते कळलं. ब्राउन-सेकार यांच्या प्रयोगात तसा शेजारी कुणीच नव्हता. नुसतं पाणी टोचलेला दुसरा ७२ वर्षांचा म्हातारा हवा होता, आणि आपल्याला पाणी टोचलंय हे त्याला माहीत नसायला हवं होतं. आयुष्यभर जनावरांवर प्रयोग केलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, असं मला वाटतं. पण स्वतःच्या म्हातारपणापुढे शहाणपण थोडं मागे पडतं.

हे शिकायला डॉक्टर मंडळींनाही वेळ लागला, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. अमेरिकेत कित्येक वर्षं पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या जात होत्या. तारुण्य टिकतं, हृदय मजबूत राहतं, असं सांगून. घेणाऱ्या बायकांना बरंही वाटायचं. शेवटी १९९०च्या दशकात १६,६०८ बायकांवर नीट तपासणी सुरू झाली. जवळपास निम्म्यांना खरी गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला कोणती ते कुणालाच माहीत नाही. २००२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग झालेल्या ८ जास्त निघाल्या, लकवा मारलेल्या ८ जास्त, हृदयाचा झटका आलेल्या ७ जास्त. खुब्याचं हाड मोडलेल्या ५ कमी निघाल्या, तोही फायदा खराच. पण दहा हजारांत आठ, हे घेणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगावरून कधी कळणार? पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, झोप उडते, त्यासाठी काही बायकांना आजही डॉक्टर तपासून हे हार्मोन देतात, आणि ते योग्यही असतं. प्रश्न होता तो सरसकट सगळ्यांना, तरुण राहायला म्हणून देण्याचा.

आणि आता आपल्या बाजारातलं इंजेक्शन. त्यात काय असतं ते मी सांगू शकत नाही, कारण बाटलीवरचं लेबल तो दाखवत नाही. नुसतं जीवनसत्त्व असेल, पाणी असेल. पण गुडघे एका दिवसात हलके झाले असतील, तर मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. ती म्हणजे स्टिरॉइड. मूत्रपिंडावरच्या त्या टोपीसारख्या ग्रंथी आठवतात ना, १८५६ च्या? त्यांच्यातलंच एक हार्मोन १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एका २९ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा दिलं. आमवाताने ती अंथरुणाला खिळली होती. काही दिवसांत ती उठून चालायला लागली, बाजारात जाऊन आली. त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालं. हे औषध खरं आहे, जोरदार आहे, दम्याला, आमवाताला, जीव वाचवायला वापरतात. पण मोजून, लिहून, डॉक्टरच्या नजरेखाली. कारण बाहेरून आयता माल यायला लागला की शरीरातली ग्रंथी हळूहळू झोपी जाते. महिनोन्‌महिने घेतलं तर तोंड गोल सुजतं, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. आणि एकदम बंद केलं तर झोपलेली ग्रंथी लगेच उठत नाही. मग त्या बाईची अवस्था अॅडिसनच्या रुग्णासारखी होते. गळून जाणं, उलट्या, चक्कर.

म्हणून ज्या मैत्रिणीने महिनोन्‌महिने अशी इंजेक्शनं किंवा गुडघ्याच्या पुड्या घेतल्या आहेत, तिला मी आज संध्याकाळी भेटायला जाणार आहे. तिला रागवायला नाही, आणि उद्यापासून बंद कर असं सांगायलाही नाही. पुडीचा कागद, रिकामी बाटली, जे असेल ते घेऊन आम्ही दोघी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार आहोत. तुमच्याही गटात अशी कुणी असेल तर तिच्यासोबत जा, आणि औषध किती दिवस घेतलं ते डॉक्टरांना आधी सांगा.

पुढच्या मंगळवारी याच वेळी आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरताई थायरॉईडच्या तपासणीबद्दल बोलणार आहेत. रक्त कधी द्यायचं, गोळी कशी घ्यायची, गरोदरपणात काय बघायचं, असे सगळे प्रश्न लिहून पाठवा. माझाही एक आहे. चहा प्यायल्यावर गोळीची आठवण झाली तर काय करायचं?